पाववाला मागे पडला

प्रिय रविना,

आधी बातमी सांगते, खुशाली मागाहून. काल सकाळी मी पाववाल्याला मागे टाकलं. सायकलवर. तो उतरून चालत होता असं नाय, त्याची सायकल पंक्चर होती असं पण नाय. शाळेपासून ओढ्याच्या पुलापर्यंतचा सरळ सपाट रस्ता, तो त्याच्या पुऱ्या जोरात आणि मी माझ्या. तुझे आजोबा म्हणतात त्याच्या पाठीमागे खोका होता म्हणून तो मागे राहिला. खोक्यात पाव होते, सिमेंट नव्हतं. तू तरी असलं काही म्हणू नको.

आता खुशाली. भात झोडून झालं, पेंढा रचला, वाल पेरला तो उगवून पण आला. तांबडी गाय व्यायली, पाडी झाली. तुझ्या आईची कंबर बरी आहे आणि तुझ्या बापाचा आवाज आहे तसाच आहे. फोनवर तू ‘हो आजी, बरी आहे आजी, ठेवते आजी’ एवढ्यात आटपतेस, म्हणून मला काही सांगता येत नाय. शिवाय आपला फोन असा की मी कानाला लावला तरी समोरच्या ओट्यावरची बाईजा मधेच उत्तर देते. म्हणून कागद घेतला. चौथीपर्यंत शाळा माझी, वेलांट्या इकडच्या तिकडे होतील, त्या तू आपल्या जागेवर लावून घे. तुझा सुनिलमामा गुरुवारी तांदूळ न्यायला येणार आहे, त्याच्या हाती देते. तू एकटी असताना वाच. मामीला वाचून दाखवायचं असेल तर पाववाल्यापर्यंतचंच दाखव.

भरतीच्या धावण्यात तू थोडक्यात मागे राहिलीस, घरी आलीस आणि म्हणालीस, पोलिसाचं नाव काढू नका, आता मी कधी धावणार नाय. आठवडा गेला नाय तोवर बॅग भरून मामाकडे आसनगावला, आणि तिथनं गोदामातल्या नोकरीला. तुझ्या बापाला वाटलं बरं झालं, रोजची कटकट गेली. धसईच्या बाजारात त्याने दोघांकडे तुझ्या लग्नाचा शब्द पण टाकून ठेवला. मी काही बोलले नाय. मी गप्प बसले की या घरात सगळ्यांना वाटतं म्हातारीला पटलं. पण गो, आता नवी भरती निघते आहे. तुझ्याबरोबर धावायची ती दिपिका, वरच्या वाडीतल्या लहानीची पोर, तिनेच सांगितलं. तेव्हा मी गप्प बसून काय काय केलं ते तुला कळायला पाहिजे.

मी सायकलीचा वेग वाढवला.

हसू नको. तुझ्या बापाची अट तुला ठाऊक आहे. पोरगी पहाटे रस्त्यावर एकटी धावणार नाय, घरचं कोणी सायकलवर बरोबरीने असेल तरच. त्याला मुरबाडच्या कंपनीत पहाटेची पाळी, तुझ्या आईला सायकल येत नाय, आजोबांना सायकल येते पण पहाट येत नाय. राहिले मी. आणि मला सायकल येते हे या गावाला तुझ्यामुळेच कळलं. माहेरी भावाच्या मोठ्या सायकलीवर नळीखालून पाय घालून मी कैची मारायचे, ती लग्नात सुटली. पुढं तुला आठवीत शाळेची सायकल मिळाली, तू ती खळ्यात लावून पाणी प्यायला गेलीस आणि मी बसले. तेव्हा तू रडली होतीस, मी तुळशीवृंदावनाला धडकले म्हणून नाय, नवीन सायकलीला ओरखडा आला म्हणून. तर सांगायचं काय, तू परत धावायची असशील तर बरोबरीला मीच. आणि बरोबरीला राहायचं तर बरोबरीचा वेग पाहिजे.

पयल्या दिवशी मी आपल्या राघोच्या बैलगाडीच्या पुढं गेले. फार आनंद झाला. मग राघो म्हणाला, हौसावयनी, बैल मुतायला उभा राहिला होता. म्हणजे ते धरता येत नाय. रेश्मा आशाताईने हाताला पट्टा बांधून माझं बीपी बघितलं, चांगलं आहे म्हणाली, पण दम लागला तर थांबायचं, छातीत दुखलं तर सांगायचं, लपवायचं नाय. मी म्हटलं, लपवायला या गावात जागा कुठे आहे.

मग ते साहेब भेटले. रविवारी कल्याण-डोंबिवलीकडची माणसं सायकलीवरून माळशेजच्या बाजूला जातात, तुला ठाऊक आहे, डोक्यावर कलिंगडाच्या फोडीसारखी टोपी आणि खाली ती काळी तंग चड्डी, जी बघून बाईजा पदर तोंडाला लावते आणि पदराच्या वरून नीट बघते. त्यातले एक रस्ता चुकून आपल्याकडे आले आणि बोअरिंगवर पाणी भरायला थांबले. बँकेतून रिटायर, वयाने माझ्याएवढेच. मी तिथनं सायकलवर पायडल मारत चालले होते. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, आजी, तुमचे गुडघे हनुवटीला लागतात. आता आमच्या वयाच्या माणसाने मला आजी म्हटलं म्हणून मी त्यांना बाबा म्हटलं, आणि मग आमचं चांगलं जमलं. त्यांनी खिशातून एवढासा पाना काढला आणि माझी सीट चार बोटं वर केली. पाय खाली गेला की जवळजवळ सरळ झाला पाहिजे म्हणाले, नायतर सगळा जोर गुडघ्यात मरतो. चाकात हवा भरून दिली. मी त्यांना दोन काकड्या दिल्या, त्यांनी त्या तिथंच उभ्याने खाल्ल्या.

वर बसल्यावर मला कळलं की सायकल अशी पण चालते. पाण्यावरून चालल्यासारखी. पण गो, थांबायची वेळ आली तेव्हा कळलं की आता माझे पाय जमिनीला पोचत नायत. साहेब तोवर निघून गेलेले. मी आपली गावातून दोन फेऱ्या मारल्या, कुठे टेकता येईल ते बघत. शेवटी मारुतीच्या पाराला पाय लावून उतरले. तेव्हापासून काही दिवस मी जिथं उंच जागा असेल तिथंच थांबायचे. मारुतीचा पार, पुलाचा कठडा, नायतर बाईजाचा ओटा. बाईजाला वाटायचं मी चहाला आले. तिने रोज चहा टाकला आणि मी रोज प्यायले, नाय कशी म्हणणार. चार लोकांत ती सांगायला लागली की हौसाला आता घरात कोणी चहा देत नाय. तुझ्या आईला ते कळलं आणि दोन दिवस भांडी जोरात आपटत होती. मग मी सायकल तिरकी करून उतरायला शिकले आणि घरात शांतता झाली.

पुढच्या रविवारी साहेब मुद्दाम वाट वाकडी करून आले, काकडीच्या ओढीने. त्या दिवशी त्यांनी सांगितलं की सगळा वेळ जीव काढायचा नाय. लाइटीच्या एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत जीव तोडून, मग दोन खांब आरामात, परत एक खांब जोरात. आणि पाय जड दाबायचा नाय, हलका आणि भराभर फिरवायचा. ते मला पटकन समजलं. जात्यात मोठी मूठ टाकली की जातं अडतं, खांदा दुखतो आणि पीठ पण जाडं पडतं. लहान मूठ टाक आणि फिरव. आमी जन्मभर तेच केलं, फक्त हाताने. मी खांब मोजत जायला लागले तर तुझे आजोबा ओट्यावरून बघायचे, म्हातारी एका खांबाला वाघ लागल्यासारखी पळते आणि दुसऱ्या खांबाला पाहुणी असल्यासारखी जाते. त्यांनी राघोला विचारलं म्हणे, हिच्या अंगात तर काही येत नाय ना.

साहेबांचा सगळ्यांत चांगला नियम राहिलाच. आठवड्यातून एक दिवस पुरा आराम. अंगात जोर येतो तो आरामाच्या दिवशी येतो म्हणाले, दमायच्या दिवशी नाय. मी घरी येऊन सांगितलं, उद्या माझा आराम आहे, मी चुलीकडे येणार नाय. तुझी आई म्हणाली, अशी सायकल मला पण शिकवा. खाण्यापिण्याचं पण सांगितलं त्यांनी, अंडी खा, शेंगदाणे खा. श्रावणात अंडी कुठली, म्हणून भिजवलेले चणे, शेंगदाणे आणि नाचणीची भाकर. श्रावण सरल्यावर अंडं. आजोबांना त्यांचं अंडं माझ्या ताटात दिसायला लागलं तेव्हा त्यांनी पयल्यांदा विचारलं की हे सगळं कशासाठी चाललंय. मी म्हटलं, गुडघ्यासाठी. गुडघा म्हटलं की म्हातारी माणसं पुढं विचारत नायत.

पाववाला मात्र काल पयल्यांदा नाय भेटला. दोन महिने मी त्याच्या मागे होते. आधी तो मला बघून भोंगा वाजवायचा, बाजूला व्हा म्हणून. मग मी जवळ यायला लागले तसा तो मागे बघायला लागला, मग जोर लावायला लागला. त्याचा फायदा गावाला झाला. पाव जो उन्हं वर आल्यावर यायचा तो आता चूल पेटायच्या आधी येतो, आणि गरम. बाईजा म्हणते हौसा, तू हे सोडू नको. काल मी पुढं गेले तेव्हा तो बिचारा ओरडला, मावशी, घरी काय झालं का? त्याला वाटलं कोणी गेलंबिलं. मी म्हटलं काय नाय रे, सगळे जिवंत आहेत. मला मागे वळून बोलायचं होतं, पण वळले तर पडेन, म्हणून पुढं बघूनच बोलले. पदर साखळीत जाऊ नये म्हणून काष्टा घट्ट मारलेला असतो. साहेबांची ती चड्डी हजारांत येते म्हणे. आमचं लुगडं त्याहून बरं, बाजारात पण चालतं.

एकदा पडले पण. तुला कोणी सांगितलं असेल तर अर्धंच सांगितलं असेल. उताराला वेग आला, मला इतका आवडला की ब्रेक दाबायचं मनातच आलं नाय, आणि दाबला तेव्हा ब्रेकच्या मनात आलं नाय. कान्हाने पेंढा रचून ठेवला होता त्यात गेले. कुठे खरचटलं नाय. पण कान्हाने ते तुझ्या बापाला सांगितलं, आणि तुझ्या बापाने सांगितलं की सायकल भंगारात जाईल. दोन दिवस त्याने तिला कुलूप लावलं. मग तुझ्या आईने चावी माझ्या उशाशी ठेवली. कोणी ठेवली ते मी विचारलं नाय, तिने सांगितलं नाय.

आता हे सुरू कशावरून झालं ते सांगते. श्रावणात दिपिका करटोली विकायला आली. ओट्यावर बसली, पाणी प्यायली, आणि तुझा विषय निघाला. मी म्हटलं, पोरगी एवढी मेहनत करायची, रोज पहाटे, एक दिवस चुकवला नाय, तरी कशी मागे राहिली? दिपिका खाली बघायला लागली. मी परत विचारलं. मग बोलली. म्हणाली, आजी, ती कधी पुऱ्या जोरात धावलीच नाय. तुमच्या सायकलीच्या वेगाने धावायची. पुढं गेली तर तुमी एकट्या मागे पडाल, आणि तिच्या बापाला, किशोरदादाला, कळलं तर धावणंच बंद. म्हणून वडाच्या वळणावर ती बुटाची नाडी बांधायला बसायची, तुमी येईपर्यंत.

रविना, त्या नाडीसाठी मी धसईच्या चपलांच्या दुकानात भांडले होते गो. म्हटलं कसले बूट विकता, रोज त्याच जागेला सुटतात. भर बाजारात बोलले. तो माणूस शपथा घेत होता की नाडी चांगली आहे. शेवटी त्याने नव्या नाड्यांची जोडी फुकट दिली, मी जाऊ नये म्हणून नाय, जावं म्हणून. तू तेव्हा बाजूला उभी राहून दुसरीकडे बघत होतीस. आणि घरी येऊन त्या नव्या नाड्या ओवल्यास, आणि दुसऱ्या दिवशी वडाच्या वळणावर परत बांधायला बसलीस. एवढी लबाडी तुझ्यात कुठून आली? मला रडू आलं आणि हसू पण आलं, दोन्ही एकदम. दिपिका घाबरली, तिला वाटलं म्हातारीला उचकी लागली. तिची सगळी करटोली घेतली मी. आठ दिवस घरात तीच भाजी होती.

तू मला सांगितलं असतंस तर मी काय रागावले असते? रागावले असतेच, खोटं कशाला सांगू. पण मग सीट चार बोटं वर केली असती.

तर गेल्या रविवारी मी तुझ्या बापाला सरळ सांगितलं की रविनाला बोलावून घे, मी तिच्या बरोबरीने जाईन. तो हसला. म्हणाला, आई, तू म्हशीच्या बरोबरीने चाललीस तरी देव पावला. मी म्हटलं चल, दाखवते. दिपिका धावेल तिच्या पुऱ्या जोराने, शाळेपासून खिंडीपर्यंत, आणि मी तिच्या बाजूला. तो मोटारसायकल घेऊन मागून आला, पडली तर उचलायला म्हणून. निम्मा गाव रस्त्याला आला. आजोबा पण आले, त्यांचं अंडं माझ्या ताटात का जात होतं ते त्यांना तेव्हा कळलं असणार.

शाळेपासून पुलापर्यंत आमी जोडीने गेलो. दिपिका कशी धावते तुला ठाऊक आहे, अनवाणी, आवाज नाय. मी पाय हलके फिरवत, तोंडाने श्वास घेत, पण बाजूला. एक बोट मागे नाय. मागून तुझ्या बापाची मोटारसायकल नुसती गुरगुरत होती. मग पूल संपला आणि खिंडीची चढण लागली. चढणीला माझा जीव गेला. खोटं नाय सांगत. साहेबांचे सगळे नियम लावले तरी चढण ती चढण, आणि वय ते वय. दिपिका पुढं गेली, वळून बघितलं, आणि खाली वाकली. काटा काढायला. डांबरी रस्त्यात कसला काटा गो? मी तिथनं असं ओरडले की झाडावरचे बगळे उडाले. पळ म्हटलं, वाकलीस तर बघ. ती जी सुटली ती खिंडीच्या तोंडाशीच दिसली.

तुझ्या बापाने मोटारसायकल वाढवली, तिच्या मागे जायला. पोरगी एकटी पुढं गेली म्हणून. मी सायकल त्याच्या पुढ्यात आडवी घातली. दम एवढा लागला होता की मला उभं राहता येईना, त्याच्याच हॅण्डलला धरून टेकले. तेवढंच बोलता आलं. ‘थांब किशोर. ती दिसतेय ना? मग पुरे.’

तो खिंडीकडे बघत राहिला. दिपिका वर पोचली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मग हात हलवला. तुझ्या बापाने पण हलवला. त्याने हात का हलवला ते त्याला ठाऊक नसावं, पण हलवला. मग त्याने मला गाडीवर बसवलं आणि माझी सायकल आजोबांनी रेटत आणली. सोमवारी पाळीवरून आल्यावर तो सायकल घेऊन धसईला गेला आणि ब्रेकला नवे रबर टाकून आणले. ज्यांच्याकडे तुझ्या लग्नाचा शब्द टाकला होता त्यांना पण भेटून आला, आता वर्षभर तरी नको म्हणून. मला हे तुझ्या आईने सांगितलं, त्याने नाय.

काल रात्री जेवताना त्याने तोंड उघडलं, आणि त्यासाठीच आज हे लिहायला बसले. म्हणाला, रविनाला कळव, यायचं तर ये, भरतीचं मी बघतो. अट त्याने काढली नाय, त्याचा स्वभाव तू जाणतेस, पण वाकवली. आता आई, म्हणजे मी, बरोबरीने पाहिजे असं नाय, म्हणाला, पोरगी फक्त आईच्या नजरेत पाहिजे. त्याला वाटतं नजरेत म्हणजे इथं, वडाच्या वळणापर्यंत. मी मान डोलावली आणि भात कालवला. जवळचं मला दिसत नाय हे खरं आहे, हे लिहिते आहे ते आजोबांचा चष्मा लावून. पण लांबचं मला लख्ख दिसतं. समोरच्या डोंगरावर चरतात त्यातली आपली गाय कुठली ते मी ओट्यावरून सांगते. तेव्हा तू ये, आणि सुट. मी मागून येतेच आहे, माझी काळजी करू नको, वळून बघू नको, आणि कुठेही वाकू नको. किती पण लांब जा गो. मला दिसशील.

तुझीच, मागून येणारी,
हौसाआजी